शिरीषचा सीझर आणि त्याचा बॉल

नेपरव्हिलमधल्या आमच्या मराठी ग्रुपात कुणी कुत्रा पाळला की घरटी एकेक पदार्थ आणून होणाऱ्या पॉटलकला दुसरा विषय उरत नाही. शिरीषच्या सीझरचे किस्से तर ड्राइव्हवेच्या कडेला साठलेल्या बर्फासारखे, मार्च उजाडला तरी संपत नाहीत. शिरीष ऑफिसात डायरेक्टर. माणसं कशी हाताळावीत यावर कुणी न विचारता बोलतो. ग्रीन कार्ड झालं, घर झालं, मग त्यानं लॅब्रॅडॉर आणला.

पिल्लू यायच्या आधीच घर खेळण्यांनी भरलं. परिणाम असा, की तोंडातला बॉल खाली ठेवावा लागेल म्हणून सीझर धड जेवायचासुद्धा नाही. ट्रेनरबाईंनी सांगितलं, खेळणी उचलून ठेवा, कधी खेळायचं ते तुम्ही ठरवा. शिरीषला पटलं नाही. म्हणाला, "मी मायक्रोमॅनेज करत नाही."

*

एका पॉटलकला सुलभाकाकू जेवत होत्या. काकू रिटायर्ड डॉक्टर, फार बोलत नाहीत. सीझरनं लाळेनं थबथबलेला बॉल त्यांच्या पैठणीवर आणून ठेवला. शिरीष कौतुकानं म्हणाला, "काकू, तो तुम्हाला खेळायला बोलावतोय."

काकूंनी बॉल टिश्यूत धरला आणि शिरीषच्या वरणभातात ठेवला. "मग तू जा."

*

ट्रेनिंगच्या क्लासमध्ये बाकीची कुत्री तोंडातलं खेळणं सोडायला शिकली. सीझरनं त्यांनी सोडलेली सगळी खेळणी गोळा केली. ट्रेनरबाईंनी डोक्याला हात लावला. शिरीष मात्र आम्हाला सांगत फिरला, की पठ्ठ्यात लीडरशिप आहे.

*

मग एका रविवारी सीझरनं रबरी बदकातली शिट्टी गिळली. तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. डायरेक्टरसाहेब वेटिंग रूममध्ये हुंदके देत बसले. डॉक्टरांशी बोलणं, सह्या करणं, सगळं त्यांच्या बायकोनं, मेधानं निस्तरलं. सीझर वाचला.

घरी आल्यावर मेधानं सगळी खेळणी कपाटात घालून कुलूप लावलं. बाहेर एकच बॉल, तोही तिच्या हातात. सीझर बसला की बॉल मिळणार. 'सोड' म्हटल्यावर सोडला, की लगेच परत मिळणार. आवाज चढवायचा नाही, पुन्हा सांगायचं नाही. बघता बघता कुत्रा शहाणा झाला.

पुढच्या पॉटलकला शिरीष म्हणाला, "शेवटी ट्रेन केलाच मी त्याला."

*

त्यानंतर त्यांच्याकडे आम्ही सगळे क्रिकेटची मॅच बघायला जमलो होतो. पानं वाढून झाली होती. शिरीष रिमोट घेऊन सोफ्यावर, शेजारी सीझर बॉल चावत. मेधा किचनमधून आली आणि शांतपणे म्हणाली, "सोड."

सीझरनं बॉल सोडला. शिरीषनं रिमोट टेबलावर ठेवला.