बंद गॅरेजमधली गाडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मंदारला, म्हणजे नवऱ्याला, तर नाहीच. आत्ताही सांगताना भीती वाटतेय—तुम्ही काय म्हणाल म्हणून नाही, त्या दिवशी काय होऊ शकलं असतं म्हणून.

इकडे परदेशात, आमच्या शॉमबर्गला, त्या आठवड्यात उणे तीसची थंडी पडली होती. मंदार कामासाठी बाहेरगावी. सासूबाई पहिल्यांदाच नागपूरहून आलेल्या, आणि त्यांची खोली बरोबर गॅरेजच्या वर. सकाळी ऑफिसला निघायचं म्हणून गाडी सुरू करायला गेले, तर ती नुसती कुरकुरली. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर कशीबशी सुरू झाली आणि मग ती बंद करायचा मला धीर होईना—परत सुरू नाहीच झाली तर? थोडी तापू दे म्हटलं. गॅरेजचं दार? ते उघडलं की घर गारठतं. तेवढ्याने काय होतंय!

मला ठाऊक नव्हतं असं समजू नका. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, हे चांगलं ठाऊक होतं.

आत आले आणि ऑफिसचा कॉल आला. बोलता बोलता गाडी डोक्यातून पार गेली. विषारी वायू ओळखणारा अलार्म वरच्या पॅसेजमध्ये होता खरा, पण धुराचाही तोच—फोडणी टाकली की बोंबलायचा. आदल्याच दिवशी वैतागून मी तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला होता.

कॉल संपला तेव्हा डोकं ठणकत होतं. मग आठवलं. धावत जाऊन गाडी बंद केली, दार उघडलं, वर गेले. सासूबाई पलंगाशी खाली बसलेल्या, उलटी झालेली, नजर भलतीकडेच. त्यांना ओढत खिडकीशी नेलं आणि खिडकी सताड उघडली. या गेल्या तर? आणि मग—मंदारला काय सांगू? खरं सांगू का? हे दोन विचार मला याच क्रमाने सुचले नव्हते.

त्या वाचल्या. नागपूरला सुखरूप आहेत. त्या दिवशी एकादशी होती. उपवासानेच चक्कर आली म्हणून मंदारने फोनवर त्यांना खूप झापलं. जन्मभराचे उपवास तेव्हापासून बंद.

पण मुख्य ते अजून सांगितलेलंच नाही. बघा, अजूनही टाळतेच आहे.

त्याच गाडीतून, काचा खाली करून, मी त्यांना क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरने इंग्रजीत विचारलं—घरात हीटर बिघडलाय का, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू होती का? सासूबाईंना इंग्रजी येत नाही. मी हो म्हटलं असतं तर त्यांना लगेच ऑक्सिजन लावला असता, हे मला कळत होतं. कळत होतं आणि तरी मी म्हणाले, "नो, नथिंग लाइक दॅट. शी इज फास्टिंग." त्यांना सलाइन लावलं.

"काय म्हणतो गं डॉक्टर?" त्यांनी माझा हात घट्ट धरून विचारलं.

"उपवास झेपत नाही म्हणतात तुम्हाला, आई."

त्यांनी मान डोलावली. आणि परमुलखात तुझ्या जिवाला घोर लावला गं, म्हणून माझी माफी मागितली.