घरात भरलेली शाळा

हसणार नसाल तर सांगतो. हसणार असाल तरी सांगतो म्हणा, कारण पावसपासून पूर्णगडापर्यंत हा किस्सा मी सोडून सगळ्यांनी सांगून झालाय. निदान एकदा तरी तो मूळ गाढवाच्या तोंडून ऐका!

आमची मुक्ता शाळेत जात नाही. चौथीत असताना तिनं जाहीर केलं, "बाबा, शाळेत फार वेळ वाया जातो." आम्हा नवराबायकोला ते पटलं. म्हणून ती घरी शिकायला लागली आणि खरं सांगतो, पोरगी खुलली. मी घरूनच घरांचे नकाशे काढायची कामं करतो, त्यामुळे घरात कुणीतरी मोठं माणूस असतंच.

आता प्रश्न कायद्याचा. कायदा म्हणतो, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालंच पाहिजे. ते घरी मिळालं तर चालतं का? यावर कायदा सरळ काही बोलत नाही. 'हो' नाही, 'नाही' नाही. आमच्यासारखी जी चार घरं आहेत, त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. घरच्या शिक्षणाला मान्यता द्या, म्हणून आम्ही निवेदनं देतो. साहेब ती घेतात, चहा पाजतात आणि पुढे काही होत नाही.

तर एके दिवशी गावातल्या शाळेच्या गुरुजींचा फोन. "केंद्रप्रमुख मॅडम गुरुवारी तुमच्याकडे येतायत. मुलगी शाळाबाह्य आहे का, ते बघायला. त्यांचं समाधान नाही झालं, तर मुक्ताला लगेच वर्गात बसवावं लागेल."

मी फोन ठेवला. मुक्ताला सांगितलं, तर ती नुसती म्हणाली, "पण मला नाही जायचं." एवढंच. रडली बिडली नाही. रडली असती तर बरं, असा तिचा चेहरा झाला.

मी ग्रुपवर विचारलं. एकानं लिहिलं, घरात अभ्यासाचं वातावरण दिसायला हवं. दुसऱ्यानं लिहिलं, मुलं एकलकोंडी होतात असा आक्षेप घेतात, तेव्हा आजूबाजूला मुलं दिसू द्या. झालं! बायको म्हणाली, "अहो, जे आहे ते दाखवा." पण ती पोस्टात नोकरीला जाते, तिला काय कळतंय म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

बंद पडलेल्या एका क्लासमधून फळा आणि दोन बाकं आणली. पडवीत वेळापत्रक लावलं. राहिली मुलं. ती आणायचं काम शेजारच्या अप्पांनी पत्करलं. अप्पा जन्मभर बोटीवर होते. हुकूम द्यायची सवय गेलेली नाही, ऐकायला मात्र घरात कुणी तयार नाही.

"तू मेल्या घाबरतोस कशाला? माझी दोन नातवंडं घे, खालच्या वाडीतली चार आणतो."

"अप्पा, गुरुवारी त्यांची शाळा असते."

"एक दिवस नाय गेली म्हणून काय बुडणार आहेत? आणि घंटा माझ्याकडे आहे. पितळेची!"

गुरुवारी सकाळी मुलं आली. त्यांच्या आयांनी त्यांना गणवेश घालून, दप्तर-डबा देऊन पाठवलेलं. बरोबरच आहे, मूल सकाळी घराबाहेर पडतं ते असंच. मी त्यांना ओळीत उभं केलं. अप्पांनी घंटा अशी बडवली की माडावरचे कावळे उडाले. मुलं सवयीनं प्रतिज्ञा म्हणायला लागली. मला तर भरून आलं हो!

प्रतिज्ञा चालू असतानाच मॅडम बेड्यातून, म्हणजे आमच्या फाटकातून, आत आल्या. मध्यम वयाच्या, हातात छत्री. त्या आमच्या फाटकावर वर बघत होत्या. मीही बघितलं. अप्पांनी रातोरात पाटी रंगवून टांगली होती, 'मुक्ता विद्यालय'.

"ही शाळा तुमची?" मॅडमनी विचारलं.

आता इथे गप्प बसावं की नाही? पण माझा उत्साह! "हो मॅडम! लहानशीच आहे."

"मान्यता आहे?"

"तीच तर मागतोय मॅडम, किती दिवस! तुम्हीच मनावर घ्या."

मॅडमनी मुलांना विचारलं, "तुमचं नाव कुठल्या शाळेत आहे रे?" सहाही जणांनी एका सुरात गावातल्या शाळेचं नाव घेतलं. "मग आज इथे कसे?" अप्पांचा नातू म्हणाला, "आजोबा बोलले, इथे खाऊ आहे."

तेवढ्यात खालच्या वाडीतली एक आई पोराची विसरलेली पाण्याची बाटली घेऊन आली. पाटी वाचली आणि मॅडमनाच विचारते, "बाई, धाकटीला पण घेणार काय गो? फी किती?"

मॅडम बाकावर बसल्या. शांतपणे म्हणाल्या, "मान्यतेशिवाय शाळा चालवणं गुन्हा आहे. दंड होतो. शिवाय दुसऱ्या शाळेची मुलं शाळेच्या वेळेत आणून बसवलीत."

"मॅडम, शाळा नाही हो ही! आम्ही फक्त मुलीला घरी शिकवतो."

"घरी शिकवण्याबद्दल मला वरून काहीच आलेलं नाही. मुलीला वयाप्रमाणे येतंय का बघायचं आणि जायचं, एवढंच ठरवून आले होते. पण आता हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, त्याचं काय करू?"

ज्याच्यावर कायदा गप्प होता, ते मी स्वतःच्या हातांनी गुन्ह्यात नेऊन बसवलं होतं. घरच्या घरी!

"मुलगी कुठाय?"

मी बाकांवर बघतो, तर मुक्ताच नाही. शोधत मागच्या बागेत गेलो. ती आंब्याच्या कलमाखाली पाट टाकून गणितं सोडवत होती.

"तू तिकडे का नाही बसलीस?" मॅडमनी विचारलं.

"तिकडे शाळा भरलीय. अभ्यास होत नाही."

मॅडम तिच्या शेजारी पालापाचोळ्यातच बसल्या. भूगोल विचारला, मराठीचा उतारा वाचून घेतला, अपूर्णांक घातले. मुक्तानं सगळं सांगितलं, वर एका गणिताची सोपी रीत मॅडमना दाखवली. मी मागे हात जोडून उभा.

"छान. तुला हे कोण शिकवतं? बाबा?"

"नाही, मी वाचते. अडलं तर आईला विचारते. बाबांना मी शिकवते. अपूर्णांकांचा भागाकार त्यांना अजून येत नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "दोन तृतीयांश भागिले चार पंचमांश?"

मी बोटं मोजली. आभाळाकडे बघितलं. "आठ पंधरांश!" असं जोरात म्हणालो. मुक्तानं कपाळाला हात लावला.

मॅडम उठल्या, साडीवरचा पाला झटकला. "शाळा म्हणायला निदान एक शिक्षक लागतो. इथे तो दिसत नाही, म्हणजे ही शाळा नव्हे. ती पाटी उतरवा, मुलांना आत्ता शाळेत सोडून या."

"आणि मुक्ता?" मी विचारलं.

"तिची काळजी नाही, तिला इथेच शिकू दे," मॅडम म्हणाल्या. "या घरात शाळाबाह्य तुम्ही आहात."