जुनी केलेली टोपडी

"उरलंय का काय?" दारात उभं राहून काकू एवढंच विचारायच्या. हातात कापडी पिशवी, पदर कमरेला खोचलेला. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी हे ऐकून त्यांना वाटीभर उसळ आणि दोन पोळ्या दिल्या. काकूंनी उंबऱ्यावर बसून त्या निवांत खाल्ल्या, वाटी विसळून परत दिली आणि म्हणाल्या, "लय चांगली झाली व्हती. आता लोकर उरली आसंल तर ती बी द्या."

सगळे त्यांना सायखेड्याच्या काकू म्हणायचे. नवरा इथे जवळच अंबडला कारखान्यात, म्हणून संसार आमच्या कॉलनीत. बोलणं मात्र शेवटपर्यंत सायखेड्याचंच राहिलं. मूलबाळ नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही आणि उगाळतही बसल्या नाहीत.

घरोघरची उरलेली लोकर आणून त्या तान्ह्या बाळांची टोपडी विणायच्या. शाळेच्या स्वेटरचा मरून, कुणाच्या फसलेल्या मफलरचा पोपटी, असं जे मिळेल ते. जुना स्वेटर मिळाला तर तो उसवायच्या, धुवायच्या आणि लोकरीच्या लडीला लाटणं बांधून दोरीवर टांगायच्या, म्हणजे वळ्या सुटतात. रंगसंगती वगैरे भानगड नव्हती. मी एकदा तसं बोलले, तर म्हणाल्या, "थंडीला काय रंग दिसत्यात व्हय?"

ही टोपडी जायची सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात. आपल्याकडची डिसेंबरातली थंडी तुम्हाला वेगळी सांगायला नको. घोटीकडून, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरपाड्यांवरून आलेल्या बायका लुगड्याच्या धडप्यात बाळ गुंडाळून पडलेल्या असत. पहिल्या वेळी काकूंनी पिशवी रिकामी केली आणि खुशीत घरी आल्या. दोन-चार दिवसांनी पुन्हा निघाल्या, तेव्हा मी सोबत होते. बघतो तर सगळी बाळं बोडकी, आणि टोपडी घडी घालून उशांखाली.

"अगं, लेकरांची डोकी गार पडलीत आन टोपडी उशीखाली?" काकू खेकसल्याच.

घोटीकडची एक बाळंतीण शांतपणे म्हणाली, "नवं नाय घालायचं आत्ता, मावशी. बारशाला घालू. आत्ता कुणाच्या तरी धडधाकट लेकराच्या अंगावरचं पायजे. तुमच्या लेकराबाळांचं काय आसलं तर द्या."

तान्ह्या बाळाला पहिलं कापड जुनं घालायचं, हे आपण सगळेच पाळतो. माझ्या मुलीला मी भाचीची झबली घातली होती. काकूंनाही हे ठाऊक असणारच. पण त्यांच्या घरात पाळणाच हलला नव्हता, तर आठवण कोण करून देणार? बाळंतीण सहज बोलून गेली, पण काकूंना ते लागलं. रिक्षात त्या पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसल्या. मला वाटलं, संपलं आता विणकाम.

गल्लीच्या तोंडाशी उतरताना म्हणाल्या, "तुझी चिमी उठली आसंल का गं?"

चिमी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा चार महिन्यांची. त्या दिवसापासून टोपडी जुनी करायचं काम तिच्या डोक्यावर आलं. मग गल्लीत ज्या घरी पाळणा असेल, तिथे काकू हजर. भर मे महिन्यात आमची बाळं लोकरीची टोपडी घालून घामाघूम झालेली असायची. माझ्या सासूबाई तर काकूंना बघितलं की पोरीला आतल्या खोलीत नेऊन दडवायच्या.

नुसतं घालून काढलेलं काकूंना चालायचं नाही. बाळाने त्यात एक झोप काढली पाहिजे, नाहीतर निदान दूध तरी ओकलं पाहिजे. "बाळंतिणीपाशी खोटं नाय बोलायचं," म्हणायच्या. मग धुवून वाळवून वॉर्डात न्यायच्या. तिथे कुणाच्या लेकराचं म्हणून विचारलं, की तोंडभर सांगायच्या, "आमच्या गल्लीतल्या चिमीचं. लय दांडगट हाय." परत आल्या की गल्लीच्या तोंडापासून ओरडत यायच्या, "घातलं गं, घातलं!"

अशी बरीच वर्षं गेली. पोरं शाळेत गेली, कॉलेजात गेली. गल्लीत पाळणा हलेनासा झाला. लांबच्या घरी जायचं तर काकूंचे गुडघे साथ देईनात. सुया मात्र चालूच होत्या. एका थंडीत तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या.

नंतर काकांनी माझ्यापुढे एक पिशवी आणून ठेवली, टोपड्यांनी गच्च भरलेली. "ही न्यायची राहिली," ते म्हणाले. "म्हणायची, आजून जुनी व्हायचीत." मला रडू आवरेना. एवढी विणलेली, आणि एकही कुणाच्या डोक्यावर नाही.

चिमी शेजारीच बसली होती. तिने पिशवीतलं एक टोपडं उचललं आणि डोक्यावर ओढलं. ते जेमतेम टाळूवर बसलं. तशीच ती भिंतीला टेकली आणि डोळे मिटून घेतले.

"काय गं हे?" मी म्हटलं.

"झोप काढते. काकूंचा नियम आहे ना?"

कॉलेजची सुट्टी तिने अशीच घालवली. दुपारी टोपडं घालून झोपायचं, उठल्यावर धुवायचं. पिशवी संपली तेव्हा आम्ही दोघी वॉर्डात गेलो. कोपऱ्यातल्या खाटेवर सुरगाण्याकडची एक पोरगेली बाळंतीण होती. तिने टोपडं उलटसुलट करून बघितलं.

"जुना हाय ना? कुणाच्या पोराचा?"

"सायखेड्याच्या काकूंच्या लेकीचं," चिमी म्हणाली.

बाईने टोपडं बाळाच्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखाली बंद बांधले.