मेंदूचे सीटी आणि आमची जाड पुस्तकं

रेडिओलॉजीची पोस्टिंग कधीच संपली, पण तिचे किस्से संपत नाहीत. मेसमध्ये एकानं एक काढला की दुसरा आपोआप निघतो. फक्त आमच्या किश्शांत हिरो कोणीच नसतो. सगळे मान खाली घालायला लावणारे!

आम्ही तिघं मेडिकलचे विद्यार्थी. मूल गावचा प्रणय, घुग्घुसची श्वेता आणि मी. मेंदूचे सीटी स्कॅन वाचायला शिकायचं होतं, आणि कशातून शिकायचं यावरच आमचं भांडण.

प्रणयनं लायब्ररीतलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं. वॉर्डात, कँटीनमध्ये, सतत काखेत. रेडिओलॉजी शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "कुठपर्यंत आलं?"

"मॅडम, प्रस्तावना फारच छान आहे!"

मग ते पुस्तक हॉस्टेलवर मच्छरदाणीचं टोक दाबायच्या कामी आलं.

श्वेताचा भरवसा व्हिडिओंवर. तेही दुप्पट स्पीडनं! मॅडमनी स्क्रीनवर सीटी लावताच ती ताडकन म्हणाली, "डावीकडे रक्तस्राव!"

सीटीत पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे दिसते. व्हिडिओत हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. तिनं सुरुवात पळवली होती!

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर्जननं तुझं ऐकलं असतं, तर चांगली बाजू उघडली असती."

श्वेता त्या दिवशी जेवली नाही.

माझ्याकडे ॲप. उत्तर बरोबर आलं की स्टार. ढीगभर स्टार जमले होते! मेंदूच्या मधोमध पांढरा ठिपका दिसला आणि मी ओरडलोच, "मॅडम, ट्यूमर!"

"कॅल्शियम आहे रे. माझ्या वयात बहुतेकांच्या डोक्यात असतं. माझ्यासाठी बेड बुक करतोस का?"

आणि एकदा एटापल्लीकडच्या एका खेड्यातून एका काकांना आणलं. बांधावर काम करता करता अर्धं अंग लुळं पडलेलं. सीटी झाला, स्ट्रेचर कॉरिडॉरमध्ये, काकू उशाशी उभ्या. मॅडम आत रिपोर्ट बघत होत्या आणि आम्ही दारात सुरू. स्ट्रोक शिकायला पुस्तक बरं, व्हिडिओ की ॲप?

"बेसिक पक्कं नसन तं काही उपेग नाई!" प्रणय म्हणाला.

"वाचतच बस तू! पोस्टिंग संपून जाईन!" श्वेता.

मीही ॲपची बाजू घेऊन तावातावानं बोलत होतो. काकूंनी माझ्या ॲप्रनची बाही ओढली.

"डॉक्टर, तुमचं ठरत राहू द्या. यायले तहान लागून राह्यली. पाणी पाजू का नको पाजू, तेवढं सांगा."

मी प्रणयकडे पाहिलं. प्रणयनं श्वेताकडे.

श्वेतानं खिशातून मोबाईल काढला आणि व्हिडिओ शोधायला लागली.