दस्तगीरची पाण्याची बाटली

हे मी बायकोला सांगितलं नाही, पलटणीतल्या कुणाला सांगितलं नाही. दस्तगीर शेख उन्हाने मेला तेव्हा त्याच्या कमरेची बाटली जवळजवळ भरलेली होती. ती मी रिकामी केली.

महायुद्ध चालू होतं. भिंगारच्या ट्रेनिंग कॅम्पात मी नाईक होतो. रंगरुटांचं एक सेक्शन माझ्याकडे होतं. आणखी एक फीत मिळाली की हवालदार होणार होतो, आणि ती फीत मला हवी होती.

सकाळी परेड, मग फायरिंग, दुपारी खंदक खणणं, आणि अधूनमधून रूट मार्च. मार्चमध्ये शिट्टी झाल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, असा हुकूम होता. हॉल्टवर शिट्टी झाली की दोन-तीन घोट घ्यायचे, हाही हुकूमच होता. पण मार्च संपल्यावर सुभेदारसाहेब ओळीने बाटल्या हलवून बघत. ज्या सेक्शनच्या बाटल्या जड लागत, त्याच्या नाईकाचं सर्वांसमोर कौतुकाने नाव घेत. त्यामुळे आम्हा नाईक लोकांत पाणी वाचवायची शर्यतच लागली. मी माझ्या पोरांना बजावून ठेवलं होतं: शिट्टी झाली की बूच काढा, बाटली तोंडाला लावा, ओठ ओले करा, गिळू नका. लांबून पाहणाऱ्याला सगळे पाणी पिताना दिसत.

तो दिवस वैशाखातला. ट्रकांनी आम्हाला पारनेरच्या अलीकडे उतरवलं. कंपनी कमांडर गोरा होता, माणूस बरा. त्याला रानफुलांचा नाद, म्हणून सडक सोडून माळावरून वाट आखली होती. काळ्या खडकाचे थर पायऱ्यांसारखे वर चढत गेलेले. फटींतून तरवड पिवळी फुललेली, जमिनीलगत काटेरिंगणीची जांभळी फुलं, कोरड्या ओढ्यात गुलाबी कण्हेर. साहेब मध्येच वाकून एखादं फूल खुडी आणि रुमालात ठेवी. आमच्या पाठीवर पूर्ण सामान होतं. फुलं दिसत होती, पण मान वळवायचा कंटाळा येत होता.

पहिल्या हॉल्टवर साहेब इंग्रजीत काही बोलला. सुभेदारसाहेबांनी ते आम्हाला समजावलं: हा सगळा खडक म्हणजे कधीकाळी जमिनीच्या पोटातून उकळत वर आलेला रस. माझ्या सेक्शनमधला बाबू गुंजाळ म्हणाला, "आजून निवला न्हाई जनू." सगळे हसले. दस्तगीरही हसला.

दस्तगीर पारनेर तालुक्यातलाच. घरी कोरडवाहू जमीन, चार शेरडं. त्याने टोपीखाली रुईची पानं घातली होती. उन्हात आमच्याकडे तसं करतातच, मीही घरी असताना करायचो. वर्दीत झाडपाला चालणार नाही म्हणून मी ती काढायला लावली.

दुसरा हॉल्ट झाला. शिट्टी झाली, आम्ही ओठ ओले केले, निघालो. थोड्या वेळाने दस्तगीर मागे पडायला लागला. मी त्याच्याजवळ गेलो.

"नाईकसाहेब, एक घोट गिळू का?"

"आता उतारच हाय. ट्रकपाशी पोचलो की पी."

"बरं."

बाबू मागून बोलला, "पिऊ द्या की वो त्याला. घाम बंद झालाय त्याचा."

मी बाबूला रांगेत चालायला सांगितलं.

ओढा उतरताना दस्तगीर गुडघ्यावर बसला आणि मग आडवा झाला. मी बाबूला स्ट्रेचरसाठी पुढे पळवलं, बाकीच्यांना प्लाटूनबरोबर पुढे पाठवलं. आम्ही दोघंच उरलो. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. बाटलीचं बूच काढून मी पाणी त्याच्या तोंडात घातलं. ते ओठाच्या कडेने बाहेर आलं. तो मला ओळखत नव्हता.

"अब्बा, शेरडं सावलीला बांधा," तो म्हणाला.

"बांधली," मी म्हणालो.

स्ट्रेचर यायच्या आत तो गेला.

तेव्हा माझ्या मनात पहिली आली ती बाटली. भरलेली बाटली सापडली तर मी पाणी तोडलं होतं हे उघड होणार. मी ती खडकावर उपडी केली. खडक बघता बघता कोरडा झाला. बूच लावून बाटली परत त्याच्या कमरेला अडकवली.

चौकशीत मी सांगितलं की त्याने हुकूम मोडून सकाळीच सगळं पाणी संपवलं. सेक्शनला काय बोलायचं ते आधीच सांगून ठेवलं होतं. पोरं नवी होती, मला भीत होती. बाबूनेही तेच सांगितलं. त्यानंतर कामापुरतं सोडून तो माझ्याशी बोलला नाही. पुढे ब्रह्मदेशात तो पडला.

दस्तगीरचे वडील कॅम्पात आले, गावाहून चालत. साहेबाला मराठी येत नव्हती, म्हणून मला मध्ये उभं केलं. म्हाताऱ्याने हात जोडले.

"साहेब, पोरानं हुकूम मोडला. आमी त्याला असं शिकवलं न्हवतं. त्याला माफी करा."

मी ते हिंदुस्थानीत साहेबाला सांगितलं. साहेबाने काय उत्तर दिलं, तेही म्हाताऱ्याला सांगितलं. माझ्या पदरचा एक शब्दही त्यात घातला नाही. त्याच पावसाळ्यात मला तिसरी फीत मिळाली.

म्हातारा आता नाही. दस्तगीरचा धाकटा भाऊ ती जमीन कसतो, असं कळतं. भावाने पाण्यासाठी हुकूम मोडला, हेच त्या घरात अजून ठाऊक असणार.

शिपाई दस्तगीर शेखने हुकूम पाळला होता. माझा हुकूम. त्याच्या भावासमोर उभं राहून हे सांगायचं माझ्याकडे बाकी आहे. मी अजून गेलेलो नाही.