बोला रे, सलीमभाई गोलवर हाय!

पंचेचाळिशी ओलांडलेली अकरा माणसं एका मैदानावर आणली की गोल कमी आणि किस्से जास्त होतात. आमच्या नांदेडच्या व्हेटरन्स टीमचं तेच झालंय. गोल किती झाले ते आठवत नाही. माणसं काय बोलली ते मात्र विसरत नाही.

*

आमचे स्ट्रायकर गोविंदराव उमरीचे शेतकरी. एकदा ऐन पेरणीत मॅच आली. तरी गडी हजर, पायाला चिखल तसाच! हाफटाइमला दोन गोल खाऊन आम्ही तोंडं पाडून बसलो होतो. गोविंदराव आभाळाकडे बघत म्हणाले, "हरायचंच असंल तर लवकर हरा राव. वापसा जाऊन राहिला, ओल सुकल्यावर पेरायचं काय!"

*

गोलकीपर सलीमभाई टेलर. मी डिफेन्सला, शाळेत मास्तर. तीस वर्षं माझ्या पँटी तेच शिवतात. मागच्या वर्षी नवी पँट घालून बघितली, तर एक पाय दोन बोटं आखूड. मी तशीच घालून शाळेत जायला लागलो.

आठवड्यानं त्यांनीच विचारलं, "सर, माप चुकलं ना? खरं सांगा."

"जरासं."

त्यांनी मशीन थांबवलं. मग म्हणाले, "शुगर डोळ्यात उतरली. टेपचे आकडे पुसट, लांबचा बॉल तर दिसतच न्हाई. तुमचा आवाज आला की अंदाजानं उडी मारतो. टीमला नका सांगू. बसवतील मला."

मॅचमध्ये ते सारखे "बोला रे, गप का!" म्हणून आमच्यावर का ओरडायचे, ते तेव्हा कळलं.

*

मी फक्त गोविंदरावांना सांगितलं. पुढच्या रविवारी आमची अख्खी टीम बोंबलायला लागली. "सलीमभाई, उजवीकडून!" "वरून आला, वरून!" शेवटी रेफरीनं शिट्टी मारून खेळ थांबवला. "मॅच हाय का बैलबाजार?"

मॅच संपल्यावर सलीमभाईंनी मला गाठलं. "सर, किती जणांना सांगितलं?"

"एकालाच."

"कोणाला?"

"गोविंदरावांना."

"मग राहिलं कोण!" म्हणाले. हसले. मग बुटाची लेस सोडायला लागले. पण त्यांना कोणी बसवलं नाही.

*

या हिवाळ्यात डॉक्टरांनी सलीमभाईंना खेळणं कायमचं बंद करायला सांगितलं. शेवटची मॅच लातूरला होती. सलीमभाईंनी स्वतःच दोन्ही टीमना डोळ्यांचं सांगून टाकलं.

एक-एक बरोबरी होती. शेवटच्या मिनिटाला आमच्याच चुकीनं लातूरला पेनल्टी मिळाली. मारायला बिराजदार आले. हे त्यांचे कॅप्टन. गेली पंधरा वर्षं सलीमभाईंच्या विरुद्ध खेळलेला माणूस. त्यांनी चेंडू ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "सलीमभाई, बिराजदार हाय."

"आवाजावरून वळखलं."

"तुमच्या डाव्या हाताला मारतो."

आम्ही बॉक्सच्या रेषेबाहेर उभे.

बिराजदारांनी डावीकडेच मारला, अंगात होता तेवढा जोर लावून. सलीमभाईंनी डावीकडेच झेप घेतली. जाळी थरारली. आम्ही हरलो.

सलीमभाई उठले, गुडघ्याची माती झटकली आणि समोर बघत विचारलं, "बोटाला लागला ना?"

मी सगळ्यात जवळ होतो. चेंडू बोटापासून वीतभर लांबून गेला होता.

"लागला की!" बिराजदार म्हणाले.

सलीमभाईंनी मान डोलावली. "म्हणूनच जरा हळू गेला!"