शेंडेनक्षत्राची चतुःसीमा

चोपड्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली तेव्हा बाबा काठावरून ओरडले होते, "तू वच रे. बाग खंय पळून वता?" गोवा मुक्त होऊन थोडीच वर्षे झाली होती. मांद्र्याची माडांची बाग बाबा आणि धाकटा भाऊ दत्ताराम यांच्यावर सोपवून मी डिचोलीस आलो व मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात अर्ज लिहू लागलो. शिक्षण मराठी चौथीपर्यंतच; तथापि माझा मसुदा परत पाठविण्याची हिंमत सहसा कोणा कारकुनाने केलेली नाही.

बाबा वारल्यावर बहिणींच्या हिश्श्यांसाठी बाग विकण्याची वेळ आली. गेस्ट हाऊसवाले गिऱ्हाईक तयारच होते. अशात दत्ताराम धापा टाकीत डिचोलीस आला.

"दादा, शेंडेनक्षत्र पयलां माकाच दिसलां. शोधतल्याक सरकार इनाम दिता म्हणतत. तू अर्ज घाल, बाग उरतली."

मी अर्ज लिहिला. जागेच्या अर्जास चतुःसीमा लागते, म्हणून तीही घातली: पूर्वेस आमचे माड, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस हरमलचा डोंगर, दक्षिणेस शापोरा नदी.

पणजीत व्याख्यानास आलेल्या एका खगोलशास्त्रज्ञ बाईंपुढे आम्ही तो ठेवला. त्यांनी तो न हसता पुरता वाचला. म्हणाल्या, "पहिल्यांदा कळवणाऱ्याचं नाव धूमकेतूला देतात. बक्षीस क्वचित कुणाला मिळतं. आणि याला नाव केव्हाच मिळालंय. आम्हीसुद्धा पगारावरच जगतो. शिकवतो, मोजमापं करतो."

दत्तारामने विचारले, "म्हणजे नखेत्र सापडलां तरी पगार तितलोच?"

"तेवढाच."

"आनी ना सापडलां तर?"

"तरी तेवढाच."

"मगे तुमचां बरां आसा, बाय."

बाई हसल्या.  आतल्या घरासकट बाग विकली गेली.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, हे तुम्हांस कळावे म्हणून लिहितो. दत्ताराम आता त्याच बागेतील गेस्ट हाऊसमध्ये नोकरीस आहे. पाहुण्यांना वाळूवर बसवून तारे दाखवितो. खूश झाले तर ते टीप देतात. आकाशाने त्याला दिलेली कमाई एवढीच.

गेल्या खेपेस त्याला भेटायला गेलो, तेव्हा मुक्कामासाठी मला तिथेच भाड्याने खोली घ्यावी लागली. मॅनेजरने विचारले, "कुठून आलात?"

"डिचोलीहून," मी म्हणालो.

दत्ताराम माझी पिशवी घेऊन शेजारीच उभा होता.